पिंजऱ्यातील पाहुणा : हॅमस्टरचे संगोपन

कोल्हापूरला प्राणी नवे नाहीत. दिवाळीच्या पाडव्याला शिंगे रंगवलेल्या, मोरपिसे आणि गोंडे ल्यालेल्या म्हशी रस्त्याने मिरवतात आणि सारे शहर कौतुकाने पाहत उभे राहते. जुन्या वाड्यांच्या परड्यात गाय असे, दुकानाच्या पायरीवर मांजर असे, आणि धान्याच्या वखारीत न बोलावता आलेले उंदीर तर असतच. हॅमस्टर हा मात्र या यादीतील अगदी नवा पाहुणा. वाढदिवसाची भेट म्हणून, परीक्षेतील गुणांचे बक्षीस म्हणून, किंवा सदनिकेत कुत्रा ठेवणे जमत नाही म्हणून तो घरात येतो. मुठीत मावणारा, मऊ लोकरीचा, काळ्या मण्यांसारख्या डोळ्यांचा हा जीव पुठ्ठ्याच्या खोक्यात बसून येतो. त्याच्याबरोबर फूट-दीड फूट लांबीचा तारांचा पिंजरा येतो, बियांची पिशवी येते, पाण्याची छोटी बाटली येते. माहिती मात्र बहुधा येत नाही.

जैन घरात येथेच एक प्रश्न उभा राहतो आणि तो टाळून पुढे जाता येत नाही. श्रावकाच्या अहिंसाणुव्रताचे जे पाच अतिचार तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सांगितले आहेत, त्यांतील पहिलाच ‘बंध’ आहे, म्हणजे जिवाला बांधून अथवा कोंडून ठेवणे. आणि अखेरचा ‘अन्नपाननिरोध’, म्हणजे त्याचे अन्नपाणी अडवणे. वध म्हणजे मारहाण, छेद म्हणजे अवयव कापणे आणि अतिभारारोपण म्हणजे झेपणार नाही इतके ओझे लादणे, हे मधले तीन. प्रवचनात हे अतिचार समजावताना उदाहरणे बहुधा बैलाची आणि घोड्याची दिली जातात. तारांच्या पिंजऱ्यातील दीडशे ग्रॅम वजनाच्या जिवालाही ते तितकेच लागू पडतात, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

मग पिंजऱ्याचे दार उघडून त्याला मोकळे सोडावे, असे एखाद्या वडीलधाऱ्यास वाटणे स्वाभाविक आहे. पकडलेले पक्षी पैसे देऊन सोडवण्याची प्रथा आपल्या परिचयाची आहे. परंतु हॅमस्टरच्या बाबतीत हे अभयदान ठरत नाही. तो या भूमीचा नाही. रंकाळ्याच्या काठावर किंवा पन्हाळ्याच्या झाडीत सोडलेल्या हॅमस्टरला अन्न कोठे शोधावे हे ठाऊक नसते. मांजर, मुंगूस, घार आणि कावळा यांना मात्र तो कोठे आहे हे लवकर कळते. त्यातून वाचला तर पहिला मोठा पाऊस त्याला पुरेसा होतो. म्हणून ज्या घरात तो अद्याप आलेला नाही, तेथे तो न आणणे हा सर्वांत स्वच्छ मार्ग होय. आणि जेथे तो आला आहे, तेथे हा बंध जितका सैल करता येईल तितका करणे, एवढेच हाती उरते. हॅमस्टरची निगा म्हणून जे काही सांगितले जाते, ते सारे या एका वाक्यात बसते. बाकी तपशील आहे. पण या प्राण्याचे जगणे-मरणे त्या तपशिलावरच अवलंबून असते.

माया आणि निगा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कोल्हापूर जिल्ह्याला अलीकडे फार जवळून पाहावे लागले. नांदणीच्या मठातील महादेवी हत्तीण २०२५ च्या जुलै महिन्यात न्यायालयाच्या आदेशानुसार जामनगरला गेली, तेव्हा गावोगावच्या लोकांचे डोळे पाणावले आणि हजारो माणसे रस्त्यावर उतरली. त्या वादात शिरण्याचे येथे प्रयोजन नाही. मात्र न्यायालयापुढे चर्चा झाली ती तिच्या पायांच्या प्रकृतीची, साखळीची आणि एकटेपणाची, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. हत्तिणीला जो प्रश्न विचारला गेला, तोच आकाराने लहान असलेल्या प्राण्याबद्दलही विचारता येतो. कायदाही तसा भेद करीत नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमाच्या कलम ११ नुसार, प्राण्याला पुरेशी हालचाल करता येणार नाही इतक्या लांबी-रुंदी-उंचीच्या पिंजऱ्यात कोंडणे हा गुन्हा आहे. मालकाने पुरेसे अन्न, पाणी व निवारा न देणे हाही गुन्हा आहे. बंध आणि अन्नपाननिरोध हेच दोन अतिचार कायद्याच्या भाषेत असे उतरले आहेत. पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठी २०१८ साली जे नियम झाले, त्यांत हॅमस्टरचा नावानिशी उल्लेख आहे. अशा दुकानाला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते आणि विक्रीच्या नोंदी ठेवाव्या लागतात. सोन्याच्या वळ्याची पावती मागणारे आपले ग्राहक जिवंत प्राणी घेताना मात्र नोंदणीची चौकशी करीत नाहीत, हे आश्चर्यच.

आता हा पाहुणा मुळात कोठला, हे पाहू. घरोघरी दिसणारा सोनेरी हॅमस्टर मूळचा सीरियाच्या उत्तरेकडील अलेप्पो शहराभोवतीच्या आणि त्याला लागून असलेल्या तुर्कस्तानच्या कोरड्या शेतजमिनींतला. १९३० साली इस्रायल अहारोनी या प्राणिशास्त्रज्ञाने अलेप्पोजवळच्या एका गव्हाच्या शेतात खोल खणून एक मादी आणि तिची अकरा पिल्ले मिळवली. जेरुसलेममधील एका संशोधकाला काळ्या आजारासारख्या रोगांच्या अभ्यासासाठी हा प्राणी हवा होता. त्या पिल्लांपैकी थोडीच जगली. परंतु त्यांची संतती प्रयोगशाळांतून देशोदेशी गेली आणि पुढे घरांत आली. आज जगभर पिंजऱ्यांत असलेले बहुतेक सोनेरी हॅमस्टर त्या एका बिळातील कुटुंबाचे वंशज मानले जातात. इकडे दुकानांत ते सहज मिळतात आणि तिकडे त्यांच्या मूळ भूमीत, शेती व वस्ती वाढल्यामुळे, त्यांची गणना संकटग्रस्त प्राण्यांत होते.

रानातील हॅमस्टर कसा राहतो, याचा अभ्यास २००१ च्या सुमारास प्रसिद्ध झाला. त्याची बिळे सरासरी ६५ सेंटिमीटर खोल, काही तर मीटरभर खोल आढळली, आणि प्रत्येक बिळात प्रौढ प्राणी एकच होता. पिंजऱ्यातील संगोपनाचे दोन मुख्य नियम या दोन निरीक्षणांतच आहेत. त्याला खणायला खोल जागा हवी आणि त्याला सोबती नको.

दुसरा नियम आधी, कारण तो मोडला की अनर्थ ओढवतो. दुकानदार पुष्कळदा ‘जोडी’ घेण्याचा आग्रह करतो आणि एकटा जीव कंटाळेल या कनवाळूपणाने आपणही ती घेतो. सोनेरी हॅमस्टर वयात आले की एकमेकांना सहन करीत नाहीत. रात्री भांडण होते आणि सकाळी एक मेलेला किंवा गंभीर जखमी आढळतो. ठेंगण्या जातीचे काही हॅमस्टर लहानपणापासून एकत्र वाढल्यास काही काळ नांदतात, पण तेही कधी बिघडेल याचा नेम नाही. जोडी नर-मादीची असेल तर वेगळेच संकट. मादी सहा-आठ आठवड्यांत प्रजननक्षम होते आणि गर्भकाळ केवळ सोळा दिवसांचा असतो; एका वेळी सहा-आठ, कधी त्याहून अधिक पिल्ले होतात. चक्रवाढ व्याजाचे गणित ज्यांना कळते, त्यांना अधिक सांगायला नको. शिवाय बाळंतीण मादीला धक्का लागला, तिचे घरटे हलवले, पिल्लांना हाताळले, तर ती घाबरून स्वतःची पिल्ले खाऊन टाकते. जिवदयेच्या संस्कारात वाढणाऱ्या मुलांनी हे दृश्य पाहावे असे कोणत्याही मातेला वाटणार नाही. तेव्हा एका पिंजऱ्यात एकच.

आता जागेविषयी. युरोपातील पशुवैद्य एका हॅमस्टरसाठी सुमारे १०० सेंटिमीटर लांब आणि ५० सेंटिमीटर रुंद तळ सांगतात. दुकानातील पिंजरा त्याच्या चौथाईही नसतो. इतका मोठा पिंजरा विकत मिळाला नाही, तरी निराश होण्याचे कारण नाही. जुने मोठे काचेचे मत्स्यालय चालते. सुताराकडून प्लायवूडची पेटी करून पुढे काच आणि वर जाळीचे झाकण बसवून घेता येते. खिडक्या-दारांचे काम करणारा ॲल्युमिनियमवाला हेच काम दुपारभरात करून देतो. जाळीचे छिद्र मात्र बारीक असावे, कारण जेथे डोके शिरते तेथून सारे अंग बाहेर जाते. मजल्यावर मजले चढवलेले रंगीत पिंजरे मुलांना आवडतात. हॅमस्टरला उंचीचे कौतुक नाही, तो पडून हाड मोडून घेतो. त्याला सपाट, सलग तळ हवा.

त्या तळावर निदान वीस-पंचवीस सेंटिमीटर जाडीचा थर असावा. स्वित्झर्लंडमधील बर्न विद्यापीठात दहा, चाळीस व ऐंशी सेंटिमीटर जाडीच्या थरांवर हॅमस्टर ठेवून तुलना करण्यात आली. कमी जाडीच्या थरावरील हॅमस्टर तारा अधिक कुरतडत होते. पिंजऱ्याची तार रात्रभर कुरतडणारा हॅमस्टर घरातील मुलांना ‘खेळकर’ वाटतो. वस्तुतः ती त्याची तक्रार असते, आणि ती खणायला जागा मिळाल्याशिवाय थांबत नाही.

थर कशाचा घालावा, येथे घरोघरी चूक होते. सॉ मिलमधून आणलेला भुसा कोणत्या लाकडाचा आहे ते कळत नाही. चीड आणि देवदार यांच्या भुशातील सुगंधी तेले त्याच्या श्वसनमार्गाला आणि यकृताला बाधतात. थंडी वाजेल म्हणून कापूस ठेवण्याची पद्धत तर फारच घातक आहे. कापसाचे तंतू पायांना गुंडाळून रक्तप्रवाह बंद होतो, गालाच्या पिशव्यांत अडकतात, पोटात गेले तर आतडे बंद करतात. इचलकरंजीकडून येणारे सूत आणि चिंध्या यांनाही हेच लागू. कोऱ्या, पांढऱ्या कागदाचे लांबट तुकडे, साध्या टिश्यू पेपरच्या पट्ट्या, आणि सोबत मूठभर स्वच्छ वाळलेले गवत, हे मिश्रण उत्तम. त्यात बिळे टिकतात. छापील वर्तमानपत्र आणि बिलांच्या यंत्राचा गुळगुळीत कागद नको.

हॅमस्टर हे नाव मुळात जर्मन, आणि त्याच नावापासून त्या भाषेत साठेबाजी करण्यासाठी क्रियापद झाले आहे. त्याच्या दोन्ही गालांत खांद्यांपर्यंत जाणाऱ्या पिशव्या असतात. दिलेले धान्य तो त्यांत भरतो आणि बिळातील एका कोपऱ्यात नेऊन रिकाम्या करतो. अपरिग्रहाचे व्रत त्याला मानवत नाही असे म्हणून हसावे आणि सोडून द्यावे. त्या साठ्यावरच त्याची झोप अवलंबून असते. पिंजरा स्वच्छ करताना गृहिणी सारे काही एकदम बाहेर काढून धुऊन ठेवते, त्याने हा प्राणी हवालदिल होतो. मालाची पडताळणी करण्यासाठी कोणी आपली वखारच रिकामी केली, तर व्यापाऱ्याची जी अवस्था होईल, तीच त्याची. लघवीचा कोपरा दर एक-दोन दिवसांनी काढावा, ओले व हिरवे खाद्य सकाळी शोधून बाहेर घ्यावे, आणि कोरड्या दाण्यांचा साठा होता तेथेच राहू द्यावा. थर बदलायचा तो तीन-चार आठवड्यांनी, तोही अर्धा. उरलेल्या अर्ध्यात त्याचा स्वतःचा वास राहतो. ओले खाद्य काढून घेण्याला आणखी एक कारण आहे. ते राहिले की मुंग्या येतात, मग मुंग्यांचा खडू येतो, आणि त्या विषाने मुंग्यांबरोबर हॅमस्टरही जायचा.

आहाराचा विचार जैन घरात विशेष करावा लागतो. हॅमस्टर मुळात सर्वभक्षी. रानात तो बिया, कोंब आणि किडे खातो. मग शाकाहारी घरात त्याची आबाळ होते काय? होऊ नये, अशी व्यवस्था सहज करता येते. सोयाबीन, गहू, मका इत्यादींपासून बनवलेले संतुलित गोळीखाद्य मिळते. त्यात सोळा ते वीस टक्क्यांच्या आसपास प्रथिने असतील, तर किडे देण्याची गरज राहत नाही. मात्र काही खाद्यांत माशांची पूड असते. पाकिटावरील घटकांची यादी चष्मा लावून वाचावी. या गोळ्यांच्या जोडीला बाजरी, राळे, ज्वारी, ओट, थोडे गहू असे मिश्रण द्यावे. सूर्यफुलाच्या आणि भोपळ्याच्या बिया त्याला अतिशय प्रिय असतात, परंतु त्यांत चरबी फार. दिवसाला दोन-तीन पुरेत, त्याही हातावरून. प्रथिनांसाठी शिजवलेली, बिनमिठाची मूगडाळ किंवा वाटाण्याएवढा पनीरचा तुकडा आठवड्यातून दोनदा चालतो. पनीर तासाभरात न खाल्ल्यास काढून टाकावे.

प्रमाण फार थोडे असते. सव्वाशे-दीडशे ग्रॅमच्या प्रौढ सोनेरी हॅमस्टरला दिवसाला सुमारे दहा ग्रॅम कोरडे खाद्य लागते, म्हणजे वर्षाला साडेतीन-चार किलो. लक्ष्मीपुरीतील कोणत्याही धान्य दुकानदाराच्या घरी इतके दाणे रोजच्या झाडलोटीत गोळा होत असतील! पण झाडलेले दाणे द्यायचे नाहीत. बुरशी लागलेला शेंगदाणा, टोका पडलेली बाजरी, कीटकनाशकाची पूड लावलेले धान्य यांपासून त्याला दूर ठेवावे. पावसाळ्यात त्याचे खाद्य घट्ट झाकणाच्या डब्यात असावे.

कांदा-लसूण आपल्या घरांत नसतात आणि ते हॅमस्टरला विषासारखेच आहेत, हा सुखद योग. कच्चा बटाटाही त्याला वर्ज्य. गाजर चालते असे सर्वत्र लिहिलेले असते, पण कंदमुळे ज्या घरात येत नाहीत तेथे त्यावाचून त्याचे काही अडत नाही. काकडी, दुधी भोपळा, ढोबळी मिरची यांची नखाएवढी फोड धुऊन, पुसून द्यावी. चातुर्मासात पालेभाजी बंद असली तरी या फळभाज्या पुरतात. लिंबूवर्गीय फळे, चॉकलेट, फरसाण, चहाची बिस्किटे, कच्चा राजमा, कडू बदाम हे काहीही नको. आणि कोल्हापुरात पाहुण्याला गूळ-पाणी देण्याची रीत असली, तरी या पाहुण्याला गुळाचा खडा देऊ नये. चिकट पदार्थ त्याच्या गालाच्या पिशवीत चिकटून बसतात, आणि ठेंगण्या जातींना तर मधुमेह जडण्याची प्रवृत्तीच असते.

एक शंका अनेक घरांत निघते. सूर्यास्तानंतर चूल बंद असलेल्या घरात हा प्राणी रात्रभर खातो, त्याचे काय? उत्तर सोपे आहे. हॅमस्टर निशाचर आहे. रात्र हाच त्याचा दिवस. चौविहार हे समजून-उमजून घेतलेले व्रत आहे. ते न समजणाऱ्यावर लादले की अन्नपाननिरोधच होतो. घरातील जेवणे आटोपली की सूर्यास्तापूर्वी त्याची वाटी भरून ठेवावी आणि तो आपल्या वेळी खाईल. घरात उपवास असो, अष्टमी-चतुर्दशी असो, वाटी त्या दिवशीही भरलेली असावी. पाणी आपण पितो तसेच गाळलेले, रोज बदललेले. शंभर ग्रॅम वजनामागे सुमारे दहा मिलिलिटर लागते. बाटलीच्या नळीतील गोळी अडकली की भरलेल्या बाटलीखाली प्राणी तहानेने मरतो. म्हणून रोज बोटाने टेकून थेंब येतो की नाही ते पाहावे. हे काम घरातील एकाच माणसाच्या नावावर असावे. सर्वांचे काम ते कोणाचेच नव्हे, हा अनुभव दुकानातही येतो.

सर्वांत अधिक हॅमस्टर आपल्याकडे दगावतात ते उन्हाळ्यात. त्याला मानवणारे तापमान वीस ते पंचवीस अंश. तीसच्या पुढे त्याला त्रास होऊ लागतो, आणि कोल्हापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा अडतीसच्या पुढे जातो. या प्राण्याला घाम येत नाही. जाड लोकरीत तो आतल्या आत तापतो. गच्चीवरची खोली, पत्र्याखालचा सज्जा, दुपारी ऊन येणारी खिडकी, उभी केलेली मोटार, या जागा त्याच्या जिवावरच्या आहेत. घरातील तळमजल्याची, उत्तरेकडची, सर्वांत गार खोली त्याला द्यावी. पिंजऱ्यात शहाबादी फरशीचा किंवा संगमरवराचा एक तुकडा ठेवला की तो त्यावर पोट टेकून पडतो. हा तुकडा फरशीवाल्याकडे फुकटही मिळतो. गोठवलेली पाण्याची बाटली कापडात गुंडाळून पिंजऱ्याच्या बाहेर, एका अंगाला टेकवून ठेवावी. पंख्याचा झोत थेट अंगावर नको. पिंजऱ्याजवळ साधा तापमापक टांगावा. भिंतीवरच्या दिनदर्शिकेइतका तो रोज पाहिला जावा. हॅमस्टर अंग पसरून निपचित पडला आहे, तोंडाशी ओलसरपणा आहे, चालताना झोकांड्या जातात, असे दिसले तर त्याला ताबडतोब गार जागी न्यावे, साध्या पाण्याने ओल्या केलेल्या कापडावर ठेवावे आणि डॉक्टर गाठावा. बर्फाच्या पाण्यात बुडवणे प्राणघातक ठरते.

थंडीचे भय आपल्याकडे कमी. पाच-सात अंशांच्या खाली हॅमस्टर सुप्तावस्थेत जातो. कोल्हापुरात तितका गारठा पडत नाही. तरीही वातानुकूलित खोलीत किंवा डिसेंबरच्या पहाटे तो थंड, ताठर आणि निश्चल सापडला, तर मेला असे समजून लगेच नेऊ नये. हातांच्या उबेत, हळूहळू, अर्धा-पाऊण तास धरून पाहावे. पावसाळ्यात मात्र थर ओलावतो, बुरशी धरतो. जून ते सप्टेंबर तो अधिक वेळा पाहावा लागतो. उदबत्ती, धूप आणि डासांची कॉइल यांचा धूर कोणत्याही ऋतूत त्याच्या खोलीत नको.

धावणे ही त्याची भूक आहे. एका रात्रीत तो कित्येक किलोमीटर धावतो. चाक भरीव तळाचे असावे, गजांचे नसावे. गजांत पाय अडकून मोडतात. सोनेरी जातीला सुमारे अठ्ठावीस आणि ठेंगण्यांना वीस सेंटिमीटर व्यासाचे चाक लागते. धावताना पाठ वाकलेली दिसली की चाक लहान आहे असे समजावे. पारदर्शक प्लास्टिकच्या चेंडूत बसवून त्याला घरभर फिरवण्याची टूम निघाली आहे. आत वारा खेळत नाही, थांबावेसे वाटले तरी बाहेर येता येत नाही, आणि पाहुण्यांसमोर भर दुपारी झोपेतून उठवून हा खेळ दाखवला जातो. अतिभारारोपण म्हणजे काय, हे मुलांना समजावण्यास याहून चांगले उदाहरण शोधावे लागणार नाही. त्याला पाण्याने आंघोळही घालू नये. वाटीभर धुतलेली, कढईत भाजून गार केलेली बारीक वाळू ठेवली की तो आपले अंग आपणच स्वच्छ करतो.

नव्या घरात आल्यावर पहिले तीन-चार दिवस त्याला हात लावू नये. नंतर संध्याकाळी, तो आपण होऊन बाहेर आल्यावर, हात साबणाने धुऊन तळव्यावर एक बी ठेवावी आणि वाट पाहावी. त्याची नजर मंद असते. तो वासाने ओळखतो, म्हणून खाण्याचा वास असलेले बोट त्याला खाऊच वाटते आणि तो चावतो. उचलताना दोन्ही हातांची ओंजळ खालून करावी आणि जमिनीवर बसूनच धरावे. वरून झडप घातली तर त्याला ती घार वाटते. आठ वर्षांखालील मुलाच्या हाती तो एकट्याने देऊ नये. तो निसटलाच तर घाबरून उंदराचे सापळे लावू नयेत, आणि घराखाली दुकान किंवा वखार असेल तर तेथील उंदरांचे विष आधी उचलावे. खोलीची दारे बंद करून रात्री भिंतीकडेने पिठाची पातळ रेघ ओढावी. पावलांचे ठसे तो कोठे दडला आहे ते सांगतात.

आजारात घरगुती औषध करू नये, हे निक्षून सांगावे लागते. माणसांना सर्रास दिली जाणारी पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिन ही औषधे हॅमस्टरच्या आतड्यातील उपयुक्त जिवाणू मारतात आणि त्यातच तो दगावतो. शेपटीखालचा भाग ओला व घाण दिसला, तर तो जुलाबाचा गंभीर आजार असतो. लहान हॅमस्टर दोन दिवसांतही जातो, म्हणून त्याच दिवशी उपचार हवे. दात आयुष्यभर वाढतात. चावायला लाकडाचा न रंगवलेला तुकडा असावा, आणि फार वाढले तर ते पशुवैद्याने कापावेत, घरच्या नखकापणीने नव्हे. आपल्या भागातील बहुतेक पशुवैद्यांचा हात गाई-म्हशींवर आणि कुत्र्यांवर बसलेला असतो, त्यात त्यांचा दोष नाही. हॅमस्टर आजारी पडण्यापूर्वीच, लहान प्राणी तपासणारा डॉक्टर शहरात कोण आहे याची चौकशी करून ठेवावी. पुणे रस्त्यावर शिरवळला शासकीय पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, हेही माहीत असावे.

त्याचे आयुष्य दोन, फार तर तीन वर्षांचे. मूल तिसरीत असताना आलेला हॅमस्टर ते सहावीत जाईपर्यंत बहुधा उरत नाही. हे मुलाला पहिल्याच दिवशी सांगितलेले बरे. अखेरच्या दिवसांत तो कमी खातो, अधिक झोपतो, लोकर विरळ होते. त्याला गर्दीपासून दूर ठेवावे, बिया सोलून द्याव्यात, पाणी वाटीत खाली ठेवावे. घरातील आजी त्याच्याजवळ बसून णमोकार म्हणत असेल, तर म्हणू द्यावे. दुसऱ्या दिवशी लगेच नवा आणून मुलाचे रडे थांबवण्याची घाई मात्र करू नये. पहिला पिंजरा पुन्हा भरायचा की नाही, हा निर्णय घरातील मोठ्यांनी सवडीने घ्यायचा आहे.

राहता राहिला यात्रेचा प्रश्न. शिखरजीला दहा दिवस, लग्नाला चार दिवस, असे घर बंद राहतेच. वाटीत आठवड्याचे धान्य ओतून कुलूप लावून जाणे म्हणजे पाण्याची एक बाटली अडकण्यावर जिवाचा जुगार खेळणे होय. पिंजरा हलवण्यापेक्षा शेजाऱ्याला किल्ली द्यावी आणि एका कागदावर ठळक अक्षरांत लिहून ठेवावे : संध्याकाळी सपाट एक मोठा चमचा दाणे, ताजे पाणी, नळीला बोट लावून पाहणे, काकडीची कालची फोड काढणे, तापमापक तीसच्या वर असल्यास गोठवलेली बाटली, डॉक्टरांचा क्रमांक. एक जादा बाटली भरून लावून ठेवावी. आणि कागदाच्या शेवटी एवढे जरूर लिहावे की दिवसा तो हलताना दिसला नाही तर काळजी करू नये. रात्री नऊनंतर मंद दिव्यात पुन्हा एकदा पाहून जावे.